रगडा किती, भीती किती

भरतीचा निकाल लागला की पंधरा दिवसांच्या आत आमच्या ओट्यावर कुणाची तरी आई येऊन बसते. हातात पेढ्यांचा पुडा असतो आणि पेढ्यांच्या आडून प्रश्न येतो. "भाऊ, खरं सांगा, लई हाल करतात का हो तिकडं?" पोरगा दाराशी उभा असतो. तो स्वतः काही विचारत नाही, पण कान इकडेच लागलेले असतात.

मी अठरा वर्षं फौजेत काढली. सुरुवातीचे महिने रंगरूट म्हणून आणि पुढे अडीच वर्षं सेंटरवर उस्ताद म्हणून. म्हणजे रगडा खाल्लाही आहे आणि दिलाही आहे. ओट्यावर दहा मिनिटांत जे सांगून होत नाही, ते इथे लिहितो.

पहिल्यांदा डोक्यातला सिनेमा काढून टाका. आमच्या पिढीतल्या निम्म्या पोरांनी ट्रेनिंग म्हणजे काय ते १९९१ च्या 'प्रहार'मध्ये पाहिलं. नाना पाटेकरांचा मेजर चव्हाण आठवून मीही पहिल्या रात्री दरदरून घामेजलो होतो. पण त्यात दाखवलंय ते कमांडो प्रशिक्षण. तयार झालेल्या, निवडलेल्या जवानांसाठीचं. तुम्ही जाताय ते बेसिकला. तिथे कुणी तुम्हाला कमांडो करायला बसलेलं नाही. काल कॉलेजच्या कट्ट्यावर बसणारा पोरगा वेळेवर उठावा, सांगितलेलं ऐकावं, शेजाऱ्याकडे लक्ष ठेवावं आणि रायफल स्वतःच्या पायावर झाडू नये, एवढंच सुरुवातीला हवं असतं. ऐकायला सोपं वाटतं. करायला पहिले दोन महिने लागतात.

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली आणि भूदलातल्या अग्निवीरांचं प्रशिक्षण ३१ आठवड्यांचं ठरलं. त्यात दहा आठवडे बेसिक आणि पुढचे एकवीस आठवडे ज्या त्या शाखेचं. आमच्या वेळी हाच पल्ला लांब होता. तेवढंच शिकवायचं आणि दिवस कमी, त्यामुळे हल्ली दिवस जास्त ठासून भरलेला असतो. आपल्याकडची पोरं कुणी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरवर जातं, कुणी खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, नाशिक रोडला तोफखान्यात, अहिल्यानगरला रणगाड्यांकडे, कामठीला गार्ड्सकडे, सागरला महार रेजिमेंटमध्ये. मुली बंगळुरूला मिलिटरी पोलिसांच्या सेंटरवर. नौदलवाले ओडिशात चिल्काला, हवाई दलवाले बेळगावजवळच सांबऱ्याला. जागेप्रमाणे वेळापत्रक, हवा आणि उस्तादाचा तोंडाळपणा बदलतो. बाकी गोष्ट सगळीकडे एकच.

ती गोष्ट अशी, की घाम माणूस सहन करतो. छळतात त्या बारीकसारीक गोष्टी.

पहिल्या संध्याकाळी केस जातात. मग लोखंडी पेटी, मग, प्लेट, कांबळी, मच्छरदाणी हातात येते आणि चाळीसेक पलंगांच्या बॅरेकमध्ये एक पलंग. उस्ताद एकदा कांबळ्याची घडी घालून दाखवतो. चौकोनी, चारही कोपरे विटेसारखे. "देख लिया?" सगळे "हां उस्ताद" म्हणतात. कुणीच नीट बघितलेलं नसतं. पहाटे साडेचार-पाचला उठायचं, दाढी करायची, पलंग लावायचा, बॅरेक झाडायची, संडासाच्या रांगेत उभं राहायचं आणि पीटीच्या मैदानावर फॉल इन व्हायचं, हे सगळं ज्या वेळात करायचं असतं तेवढ्यात घरी आपली नुसती कूस बदलून होते. पीटीहून परत यावं तर पलंग उलटा पडलेला. एक कोपरा गोल राहिला म्हणून. पुन्हा घडी. तोवर नाश्त्याची वेळ निम्मी संपलेली. लंगरला धावत जायचं, पुरी-भाजी उभ्या-उभ्या कोंबायची, मग ड्रिल. ड्रिलला बूट चमकत नाहीत म्हणून फ्रंट रोल. रात्री रोलकॉल, नावं, उद्याचे हुकूम, आणि बत्ती गुल. डोळा लागतो न लागतो तोच शिट्टी.

यात जीवघेणं काहीच नाही. पण हे रोज आहे, आणि 'मी थकलोय' हे ऐकायला कुणी रिकामं नाही. चूक एकाची आणि रगडा साऱ्या पलटूनला, हेही रोजचंच. मला वाटतं पोरं इथेच खचतात. घरचा लाडका, गावात सत्कार झालेला, फ्लेक्सवर फोटो लागलेला पोरगा आठवड्याभरात फक्त एक नंबर होतो. शेजारचा पलंगही नंबरच, एवढाच दिलासा.

हे सगळं कशासाठी? उस्ताद असताना मला एका जेसीओ साहेबांनी जे सांगितलं होतं, ते थोडक्यात असं. पुढे कधीतरी बर्फात, रात्री दोन वाजता, झोप नसताना या पोराला हत्याराचं मॅगझिन तपासायचं आहे. तेव्हा त्याचा मूड कसा आहे यावर ते अवलंबून राहता कामा नये. कांबळ्याची घडी ही त्याची पहिली इयत्ता. पटो न पटो, हे कारण डोक्यात ठेवून गेलात तर उलटा पलंग पाहून रडू येत नाही. नुसताच राग येतो, आणि रागावर घडी पटकन बसते.

भाषेची एक गंमत सांगतो. हुकूम सगळे हिंदीत. 'सावधान', 'विश्राम', 'दाहिने मुड' दोन दिवसांत अंगवळणी पडतं. बाकीचं पडत नाही. आमच्या बॅचला एज्युकेशनच्या साहेबांनी एकदा सांगितलं, "शाम को सबकी शिक्षा होगी." सांगलीकडचा एक पोरगा दिवसभर पांढराफटक. आपण काय गुन्हा केला तेच त्याला कळेना. संध्याकाळी वर्गात फळा आणि खडू पाहून तो इतका खूश झाला की पुढच्या बाकावर जाऊन बसला. हसू येतं, पण ज्याला हिंदी धड येत नाही तो पहिल्या महिन्यात दुप्पट रगडा खातो, कारण हुकूम कळायला त्याला अर्धा क्षण उशीर होतो. जायच्या आधी घरात कुणाशी तरी रोज हिंदीत बोला. व्याकरण गेलं खड्ड्यात, फक्त कान तयार करा. आणि दुखणं हिंदीत सांगता यायला हवं. कुठे, कधीपासून, किती.

कारण आता येतंय ते महत्त्वाचं आहे, आणि याबद्दल पोरांना कुणीच सांगत नाही.

आपल्याकडे भरतीची तयारी म्हणजे सोळाशे मीटर. अकादमीत वर्षभर एकच ध्यास. साडेपाच मिनिटांच्या आत ये, पूर्ण साठ गुण घे. पोरं डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटात, रोज जीव तोडून तेवढंच अंतर पळतात. भरती होतात. मग निकालापासून जॉइनिंगपर्यंत दोन-तीन महिने सत्कार, जेवणावळी, मित्रांच्या पार्ट्या. वजन चार किलो वर. आणि मग एके सकाळी एकदम दिवसाला आठ-आठ तास पायावर. धावणं, टाच आपटून ड्रिल, डीएमएस बूट, पुढे पाठीवर पिठ्ठू आणि हातात चार किलोच्या पुढची रायफल. फुप्फुसं पंधरा दिवसांत जुळवून घेतात, स्नायू महिन्यात. हाडं घेत नाहीत, त्यांना जास्त वेळ लागतो. मग नडगीच्या हाडाला केसासारखी बारीक चीर जाते. डॉक्टर त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. जगातल्या बहुतेक फौजांत रंगरुटांचं हे नेहमीचं दुखणं आहे.

माझ्या पलटूनमध्ये एक पोरगा होता. चांगला, चपळ, कधी तोंड वर करून न बोलणारा. मी उस्ताद होऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. सहाव्या आठवड्यात तो ड्रिलला डावा पाय हलका टाकायला लागला. मी ओरडलो, त्याने जोरात आपटला. पुन्हा हलका, पुन्हा ओरडलो. पेटीत त्याने घरून आणलेल्या दुखीच्या गोळ्या लपवल्या होत्या, रोज दोन घ्यायचा. पाच किलोमीटरच्या धावेत तिसऱ्या किलोमीटरला काठी मोडावी तसा आवाज आला. तो त्याच्या मागच्यानेही ऐकला. नडगीची चीर पूर्ण फुटली होती. हॉस्पिटल, प्लास्टर, महिनोन्‌महिने. त्याची बॅच कसम घेऊन पलटणींत गेली, तो रेलिगेट होऊन मागच्या पोरांबरोबर पुन्हा सुरुवातीला. त्याने दुखणं लपवलं ते रेलिगेट व्हायच्या भीतीनेच. आणि मी ओरडत होतो. तेवढं मला कमी ओरडता आलं असतं.

म्हणून हे पाठ करा. दोन्ही पिंढऱ्या, मांड्या, सगळं अंग दुखतंय आणि चालायला लागल्यावर मोकळं होतंय, तर ते स्नायूंचं दुखणं. सोसा. पण नडगीवर किंवा पावलावर एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखतंय, पळताना वाढतंय आणि पुढे-पुढे रात्री झोपलं तरी दुखतंय, तर तो हाडाचा आवाज आहे. त्याच दिवशी उस्तादाला सांगायचं, सकाळी सिक रिपोर्टला एमआय रूममध्ये, म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात, उभं राहायचं. 'कामचोर' म्हणून दोन शब्द ऐकावे लागतील. ऐका. वेळेवर विश्रांती मिळाली तर चीर काही आठवड्यांत भरते. लपवली तर काय होतं ते वर लिहिलंय.

दुसरी गोष्ट ऊन. तहान लागायची वाट न पाहता पाणी प्या, बाटली हाताशी ठेवा. पण उष्माघात नुसत्या पाण्याने टळत नाही. ताप-जुलाब अंगावर काढून, आदल्या रात्री झोप नसताना, दमट हवेत जोर लावला तर बलदंड पोरगाही कोसळतो. शेजारचा पळता-पळता झोकांड्या खातोय, असंबद्ध बोलतोय, तर 'चल चल' म्हणून ओढू नका. ओरडून उस्तादाला बोलवा, सावलीत घ्या, अंगावर भरपूर पाणी ओता आणि वारा घाला. ही वेळ मिनिटांची असते. आणि भारी रगड्यानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर लाजायचं नाही. स्नायू फुटून त्याचा गाळ मूत्रपिंडात चाललाय असा त्याचा अर्थ असू शकतो. सरळ डॉक्टर गाठा.

आता त्या आईचा प्रश्न. हाल करतात का?

रगडा म्हणजे फ्रंट रोल, बेडूकउड्या, कोपरांवर रांगणं, रायफल डोक्यावर धरून मैदानाला चकरा. हे होतं, भरपूर होतं, आणि त्याची शरीराला सवयही होते. शिव्या होतात. पहिल्या आठवड्यात आईवरून आलेली शिवी काळजाला लागते, महिन्याने ती स्वल्पविरामासारखी वाटते. मारहाण ही वेगळी गोष्ट. माझ्या रंगरुटीच्या दिवसांत थपडा पडत, एकदा पट्ट्याचं बक्कलही पडलं. त्याने मी काही चांगला नेमबाज झालो नाही. कायदा याबाबत स्वच्छ आहे. १९५० च्या आर्मी अॅक्टच्या ४७ व्या कलमाखाली हाताखालच्या माणसावर हात उचलणं किंवा त्याला छळणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. शिक्षा मराठीतली.

अमेरिकेने हा धडा फार महागात घेतला. १९५६ च्या एप्रिलमध्ये पॅरिस आयलंडला मरीन कोअरच्या एका ड्रिल इन्स्ट्रक्टरने आपल्या पलटूनला शिस्त लावायची म्हणून रात्री रिबन क्रीक नावाच्या खाडीत उतरवलं. सहा पोरं बुडाली. त्यानंतर तिथे उस्तादांवर देखरेख वाढली, नियम बदलले. मरीन तरीही काही नाजूक झाले नाहीत.

तेव्हा फरक ओळखायला शिका. सगळ्यांसमोर, मैदानावर, सगळ्या पलटूनला मिळतो तो रगडा. एकट्याला बाजूला नेऊन, रात्री, बंद खोलीत, किंवा पैसे मागून जे होतं ते ट्रेनिंग नव्हे. ते सांगायला रांग आहे. आधी पलटूनचा उस्ताद, तोच त्रास देत असेल तर कंपनीचे सिनिअर जेसीओ साहेब, मग कंपनी कमांडर. रांगेत वर जाताना पाय लटपटतात हे मान्य. मंदिराचे पंडितजी किंवा एमआय रूमचे डॉक्टर साहेब यांच्याशी बोलणं सोपं जातं, त्यांच्यापासून सुरुवात केली तरी चालते. ही रांग सोडून फोनवर व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकण्याचा उद्योग मात्र करू नका. तक्रार बाजूला राहते आणि गुन्हेगार तुम्हीच ठरता.

पळून यावंसं वाटेल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बहुतेकांना वाटतं, मला दोनदा वाटलं. एकदा तर मी गेटपर्यंतचा रस्ता मोजून ठेवला होता. पळालात तर तीस दिवसांनी चौकशी बसून कागदावर भगोडा ठरता आणि धरपकडीचा कागद आपल्याच जिल्ह्याच्या पोलिसांकडे येतो. अग्निवीरांना चार वर्षांच्या आत आपल्या मर्जीने सोडता येत नाही. फारच अपवादात्मक कारण असेल तरच वरच्यांच्या मंजुरीने. त्यामुळे 'बघू, नाही जमलं तर येऊ परत' या हिशेबाने जाऊ नका. जाण्याआधीच ठरवा. घरचे म्हणतात, आत्याचा मुलगा गेला, म्हणून जाऊ नका. असली पोरं तिथे फार लवकर ओळखू येतात. आणि झोपच लागत नाही, जेवण तुटलंय, जगण्यात राम वाटत नाही असं दिवसेंदिवस चाललं असेल, तर ते पळून येण्याचं दुखणं नव्हे, डॉक्टरला सांगण्याचं आहे. नडगीसारखंच.

आई-वडिलांना थोडं. सुरुवातीला फोन मोजकाच मिळतो आणि त्यात तो रडेल. "ये बाबा परत" म्हणू नका आणि "गावात तोंड दाखवायला जागा ठेव" असंही म्हणू नका. दोन्हीने पोरगा खोटं बोलायला लागतो. विचारायचं असेल तर साधं विचारा. जेवतोस का पोटभर? पाय कुठे एकाच जागी दुखतोय का? शेजारच्या पलंगावर कोण आहे? तिसऱ्या प्रश्नाला नाव, गाव, त्याच्या सवयी असं भरभरून उत्तर आलं की काळजी निम्मी सोडा. काही सेंटरांत पासिंग आउटला आई-वडिलांना बोलावून गौरव पदक देतात. लांबचं तिकीट आधी काढून ठेवा.

हातात जे दोन-तीन महिने आहेत त्यांचं काय करायचं? सोळाशे मीटरची शर्यत बंद करा, ती तुम्ही जिंकलात. आता आठवड्यातून तीन-चार दिवस मातीच्या रस्त्यावर सावकाश, गप्पा मारता येतील अशा वेगाने पळा आणि अंतर हळूहळू वाढवा. पुढे जवानांच्या परीक्षेत सामानासह पाच किलोमीटर असतात. पंचवीस मिनिटांत आलात तर उत्तम, अठ्ठावीसला काठावर. ते आत्ता करून बघायची गरज नाही, पाय तेवढ्यासाठी शाबूत ठेवा. आठवड्यातून एकदा जाड बूट घालून, पाठीवर थोडं वजन घेऊन लांब चाला. डोंगर असेल तर उत्तमच. दोरावर चढता येतं का पाहा. नुसतं लटकून राहायची सवय केली तरी तळहात तयार होतात. अकादमीत कुणी ताकदीचं इंजेक्शन सुचवलं असेल तर त्या माणसापासून लांब व्हा.

गायछाप, मावा, गुटखा, सिगरेट. यातलं जे असेल ते आजच सोडा. सेंटरवर ते मिळणार नाही आणि तलफेचे पहिले पंधरा दिवस व रगड्याचे पहिले पंधरा दिवस एकत्र आले तर माणूस कुत्र्यासारखा वसवसतो. घरी सोडलंत तर फक्त आई चिडेल. दात दुखत असेल तर भरून घ्या. रोज पाचला उठा आणि उठल्या-उठल्या मोबाईल बघू नका. स्वतःचे कपडे स्वतः धुवा, इस्त्री करा, बटण लावा. एका पोराला मी पहिल्यांदा सुईत दोरा ओवताना पाहिलं तेव्हा त्याचे हात थरथरत होते. हाच पोरगा भरतीला दहा बीम सलग मारून आला होता.

आणि पेटी. यादी येते त्याप्रमाणे भरा, जास्तीचं काही नको. सगळं शेवटी उघडून दाखवावंच लागतं. कागदपत्रांच्या चार-चार प्रती प्लास्टिकच्या पिशवीत. नेलकटर, सुई-दोरा, काळं पॉलिश, दाढीची जास्तीची पाती, साधे सुती मोजे पाच-सहा जोड. पाय कोरडे राहिले तर फोड येत नाहीत, पावडर त्यासाठी घ्या. लोणच्याची बरणी आई देईलच. ती पहिल्याच रात्री बॅरेकमध्ये संपते, संपू द्या. कुलूप चांगलं घ्या, किल्ल्या दोन असलेलं. मी माझी एकुलती एक किल्ली तिसऱ्या दिवशी रगड्यात मैदानावर हरवली आणि उस्तादाने हातोडा आणून कुलूप फोडलं, त्याचे वेगळे वीस फ्रंट रोल. एक किल्ली गळ्यात दोऱ्याला बांधा आणि दुसरी शेजारच्या पलंगावरच्याकडे द्या.